शास्त्रीय मैफलीत केव्हा हलावं, केव्हा दाद द्यावी, केव्हा नुसतं ऐकावं

मैफलीचे नियम सगळ्यांना तोंडपाठ असतात. मोबाइल बंद ठेवा, बोलू नका, मध्येच उठू नका. तरी व्यत्यय येतोच, आणि तो आणणारा माणूस बहुतेक वेळा सज्जन असतो. गाणं आत्ता कुठवर आलंय आणि पुढची मोकळी जागा कधी मिळणार, याचा त्याला अंदाज नसतो एवढंच. म्हणून तो आलाप रंगात आलेला असताना उठतो आणि टाळ्यांच्या वेळी आरामात जाता आलं असतं हे त्याच्या नंतर लक्षात येतं. हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताच्या मैफलीला एक क्रम असतो. तो ओळखता आला की आत कधी यायचं, बाहेर कधी जायचं आणि दाद कुठं द्यायची हे बरंचसं आपोआप जमतं.

जागेवर बसण्याआधी

फोन नुसता सायलेंट करून भागत नाही. बहुतेक फोनमध्ये सायलेंटवरही गजर वाजतो. संध्याकाळच्या मैफलीत औषधाची आठवण करून देणारा गजर आणि दिवाळी पहाटेला रोजचा सकाळचा गजर हे हमखास फसवतात. व्हायब्रेशनही काढून टाका, कारण लाकडी खुर्चीच्या हातावर किंवा स्टीलच्या डब्यावर ठेवलेला फोन थरथरला की तो आजूबाजूच्या रांगांत ऐकू जातो. फोन पूर्ण बंद करणं सगळ्यात खात्रीचं. डॉक्टर किंवा घरी आजारी माणूस असलेल्यांना ते शक्य नसतं. त्यांनी फोन वरच्या खिशात ठेवून कडेची खुर्ची घ्यावी.

इतकं करूनही वाजलाच, तर कुणाचा आहे ते बघत बसू नका. बाजूचं आवाजाचं किंवा पॉवरचं बटण एकदा दाबलं की रिंग थांबते, फोन खिशातून बाहेर काढायचीही गरज नसते. फोन पर्सच्या तळाशी, किल्ल्या आणि चष्म्याच्या घराखाली असला तर हेच काम अर्ध्या मिनिटाचं होतं. फोन उचलून दबक्या आवाजात ‘कार्यक्रमात आहे, नंतर करतो’ म्हणणं तर रिंगपेक्षा वाईट. त्या वाक्याने शेजारच्या चार माणसांचं लक्ष गाण्यावरून उडतं ते लवकर परत येत नाही.

स्मार्ट घड्याळ हात वर केला की उजळतं, आणि दाद देताना हात वर जातोच. त्याचा थिएटर मोड आधी चालू करा. श्रवणयंत्र कानात नीट बसलं नसेल तर बारीक शिट्टी मारतं. वापरणाऱ्याला ती स्वतःला ऐकू येतेच असं नाही, म्हणून बरोबरच्या माणसाने हलकेच सांगावं.

लवकर निघायचं असेल, लहान मूल बरोबर असेल किंवा खोकला पुरता गेला नसेल तर रांगेच्या मध्यावर बसू नका. भारतीय बैठकीत पाय व्यासपीठाकडे पसरायचे नाहीत. तासभर मांडी घालून बसणं जमत नसेल तर सरळ खुर्च्यांचा विभाग घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही. चपला जवळ ठेवायच्या असतील तर कापडी पिशवी आणा. प्लास्टिकची पिशवी पाय लागेल तेव्हा चुरचुरते. आणि एका माणसाने चादर पसरून आठ जागा धरू नयेत. पहिला कलाकार गायला बसतो तेव्हाच ते सात जण येतात, मग माणसं सरकतात, वाद होतात, आणि हे सगळं नेमकं सुरुवातीच्या आलापात.

जागेप्रमाणे शिस्तही थोडी बदलते. पं. भीमसेन जोशी यांनी गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेल्या पुण्याच्या महोत्सवात हजारो माणसं मोठ्या मंडपात बसतात. बैठक, खुर्च्या, जवळच खाण्याचे स्टॉल, अशा ठिकाणी मागच्या बाजूला थोडी ये-जा चालतेच आणि ती धरूनच चालावं. पण बंद सभागृहात, किंवा एखाद्याच्या दिवाणखान्यातल्या साठ-सत्तर माणसांच्या घरगुती बैठकीत, हललेली प्रत्येक खुर्ची गाणाऱ्याला ऐकू जाते.

गाणं कुठवर आलंय हे ओळखणं

कार्यक्रम सुरू होतो तो तंबोरे लागायला लागतात तेव्हा, पहिल्या शब्दाला नाही. या वेळात सभागृहात गप्पांचा कलकलाट असतो आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. तंबोऱ्याला चार तारा. पहिली बहुधा पंचमाची (मालकंसासारख्या पंचम नसलेल्या रागात मध्यमाची), मधल्या दोन जोडाच्या (दोन्ही ‘सा’च्या), चौथी खर्जाची (खालच्या ‘सा’ची). घोडीवर तारेखाली घातलेला दोरा अगदी तसूभर सरकवला की जवारी (तारेचा झणकार) उघडते किंवा बंद होते, आणि ती उघडली की नाही हे ऐकायला शांतता लागते. एसीचा गारवा आणि मंचावरच्या दिव्यांची ऊब यांत तारा पुन्हा उतरतात-चढतात, म्हणून हे काम मैफलीत दोन-तीनदा होतं. तबलजी हातोडीने गठ्ठे ठोकत असतो तेव्हाही तो षड्ज, म्हणजे तंबोऱ्याचा ‘सा’, ऐकत असतो. बोलायचंच असेल तर या वेळी फार तर कुजबुज. तंबोरे मिळाले की तीही थांबवायची.

ख्यालगायनात सुरुवातीची थोडी आलापी झाली की बडा ख्याल, म्हणजे विलंबित (संथ) लयीतली बंदिश, येतो. अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) मिनिटाच्या आसपास चालतं, आणि असा ख्याल अर्धा तास किंवा त्याहून जास्त रंगतो. स्वर एकेक करून खुलवला जात असतो. दोन आलापांमधली शांतता गायकाने ठेवलेली असते, ती रिकामी जागा नव्हे. पडणारी पाण्याची बाटली, सरकणारी लोखंडी खुर्ची, ‘जरा जाऊ द्या हो’, हे सगळं त्या शांततेत पडतं. द्रुतात, म्हणजे नंतरच्या जलद लयीच्या भागात, तबला भरून वाजत असताना तोच आवाज कुणाला कळतही नाही. म्हणून पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत उठू नका आणि आतही येऊ नका. उशीर झाला असेल तर दाराशी उभं राहून ऐकावं, किंवा शेवटच्या रांगेत मिळेल तिथं टेकावं. आपली आरक्षित खुर्ची राग संपल्यावर गाठावी.

विलंबितातून द्रुतात जाताना थांबा नसतो. लय बदलते, टाळ्यांची एखादी सर येते आणि नवी बंदिश सुरूही होते. याला मध्यंतर समजून उठणारे बरेच असतात, आणि ते अर्ध्या वाटेत अडकतात. खरी मोकळी जागा द्रुत संपल्यावर येते. गायक पाणी पितो, तंबोरे पुन्हा पाहिले जातात, पुढच्या रागाचा विचार होतो. एक ते तीन मिनिटं मिळतात. उठायचं तर टाळ्या सुरू होतानाच उठा, संपल्यावर नको. तंबोरा पुन्हा छेडला गेला आणि तुम्ही अजून वाटेत असाल तर जिथं आहात तिथंच कडेला थांबा.

सतार, सरोद, बासरी यांच्या मैफलीत क्रम वेगळा. आलाप, जोड (लय धरलेला आलाप), झाला (त्याचा जलद शेवट) हा सगळा भाग तबल्याशिवाय होतो. झाला टिपेला जाऊन थांबतो, टाळ्या होतात, आणि मग तबला सुरात मिळवला जातो. उशिरा आलेल्यांना आत सोडायला ही जागा चांगली. ध्रुपदातही नोमतोमच्या (‘नोम तोम’ अशा अक्षरांवरच्या) आलापानंतर पखवाज सुरू होण्याआधी अशीच फट मिळते. तबल्याच्या एकल वादनात मात्र लेहरा (साथीला फिरून फिरून वाजणारी एकच धून) एकदा धरला की तो शेवटपर्यंत थांबत नाही. तिथं आधीच स्थिर बसलेलं बरं.

मुंबईत षण्मुखानंद सभागृहासारख्या ठिकाणी कर्नाटक संगीत ऐकायला गेलात तर आजूबाजूचे श्रोते मांडीवर हाताने उघड ताल धरताना दिसतील. तिथं ती रीतच आहे. फक्त मृदंगाचं तनि आवर्तनम् सुरू झालं की कॉफीला उठणाऱ्यांच्या मागे जाऊ नका. तालवादकाला मिळालेली तेवढीच स्वतंत्र वेळ असते.

दाद

दाद न देणं हाही एक प्रकारचा त्रासच आहे. गोठलेल्या सभागृहासमोर गाणं कठीण जातं, आणि मराठी श्रोत्याची भीड पुष्कळदा चुकायच्या भीतीने असते. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, ओळखायला शिकलं की ही भीती जाते.

तीनतालाचा ठेका (तालाचे ठरलेले बोल) घ्या: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. मात्रा १६. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला काल (टाळी न देता हात मोकळा सोडायची जागा). मात्रा मोजू नका, डग्गा (तबल्याच्या जोडीतलं मोठं, घुमणारं वाद्य) ऐका. दहावी ते तेरावी, तिं तिं ता ता, या चार मात्रांत डग्ग्याची घुमार बंद असते. चौदाव्या मात्रेला ती परत येते, धिं धिं धा, आणि लगेच सम. घरी पाच-सात वेळा एखादं मध्यलयीतलं ध्वनिमुद्रण लावून फक्त ही घुमार कधी जाते आणि कधी येते एवढंच ऐकलं तरी कान तयार होतो. विलंबितात तबलजी भरण्याचे बोल घालतो, तिथं हे जरा अवघड पडतं. तिथं गायकाच्या मुखड्यावर (बंदिशीच्या परत परत येणाऱ्या सुरुवातीच्या शब्दांवर) लक्ष ठेवावं, तो समेकडेच घेऊन जातो. रूपकात गंमत आहे, सात मात्रांच्या या तालात समेवरच काल असते, त्यामुळे डग्ग्याची वाट पाहणारा श्रोता तिथं चुकतो.

समेवर आल्यावर मान हलणं, हात उठणं, ‘व्वा’, ‘क्या बात है’ हे उत्तम. आलापात लागलेल्या एखाद्या स्वराला दाद द्यायची तर शेजाऱ्याला ऐकू जाईल इतपतच, कारण तो स्वर अजून चालू असतो. समेवर कडाडून टाळ्या वाजवल्या तर त्याखाली मुखड्याचे शब्द बुडतात. टाळ्या राग संपल्यावर किंवा अगदीच न राहवेल तेव्हा.

सर्वात जास्त फसवतो तो चक्रदार. त्यात एकच रचना तीनदा येते आणि प्रत्येक वेळी तिच्या शेवटी स्वतःची तिहाई (तेच बोल तीनदा घेऊन केलेला शेवट) असते. पहिला पल्ला संपताना ‘धा’ इतका ठाम पडतो की सभागृहातला निम्मा भाग टाळ्या वाजवतो. कलाकार मात्र अजून दोन पल्ल्यांचा हिशेब डोक्यात धरून असतो आणि त्या आवाजात त्याला लेहरा ऐकू येईनासा होतो. तिहाई संपल्यासारखी वाटली तर एक श्वासभर थांबा. तेच बोल पुन्हा सुरू झाले तर अजून वेळ आहे.

ताल बोटांनी स्वतःच्या मांडीवर धरावा. अंगठीचं बोट खुर्चीच्या पाइपवर, किंवा बूट लाकडी पायऱ्यांवर आपटला की अख्खी रांग हादरते. आणि गुणगुणू नका. हे संगीत शिकणारे विद्यार्थी सगळ्यात जास्त करतात, बहुतेक न कळत. शेजारच्याने तिकीट गायकाला ऐकण्यासाठी काढलेलं असतं.

रागाचं नाव कुजबुजणं ही जाणकारांची खास सवय. ‘मारवा की पूरिया?’ हा प्रश्न सुटता सुटत नाही, कारण दोन्हींचे स्वर तेच, फरक वजनाचा आणि अंगाचा. त्याचा खल मध्यंतरात करावा. वहीत पेनाने टिपून ठेवा. फोनवर टिपण करू नका, अंधारात त्या पडद्याचा उजेड मागच्या रांगांच्या डोळ्यांत जातो.

खोकला, पिशव्या, चित्रण

खोकला अडवता येत नाही, पण दाबता येतो. हातरुमालाची चौपदरी घडी तोंडावर धरली तर आवाज निम्म्याहून जास्त गिळला जातो, उघड्या मुठीने काहीच होत नाही. ज्येष्ठमध, लवंग, खडीसाखर छोट्या डबीत सुटी आणावी. गोळीचा कागद ‘आवाज नको’ म्हणून हळूहळू सोलणं जास्त त्रासदायक, कारण तोच आवाज दहापट लांबतो. पातळ प्लास्टिकच्या बाटलीऐवजी स्टीलची, आणि तिचं झाकण मोकळ्या वेळात सैल करून ठेवलेलं. दोन-तीनदा खोकूनही उबळ जात नसेल तर वाकून सरळ बाहेर जा, मग आलाप चालू असला तरी. या एका बाबतीत क्रमाची वाट बघू नये. पुढच्या दोन रांगांत बसलेल्यांनी हे जास्तच जपावं, तिथला आवाज मंचावरच्या माइकमध्ये आणि ध्वनिमुद्रणातही उतरतो.

मूल किरकिरायला लागलं की पहिल्याच आवाजाला बाहेर न्या. तिथं खाऊ देऊन गप्प करण्याचा प्रयत्न म्हणजे वेफर्सचं पाकीट उघडणं, आणि ते आणखी वाईट.

आयोजकांनी चित्रणाला मनाई केली असेल तर ती प्रवेशाचीच अट समजावी. मनाई नसली तरी कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीपासून कलाकाराचा त्याच्या सादरीकरणावर हक्क मानलेला आहे. कलाकाराच्या परवानगीशिवाय मैफल यूट्यूबवर किंवा फेसबुकवर थेट दाखवणं, नंतर चढवणं, हा त्या हक्काचा भंग ठरतो. कलाकार नवी बंदिश किंवा अजून न पिकलेला राग मैफलीत करून पाहतो, तेवढं धाडस तो समोर कॅमेऱ्यांची रांग असताना करत नाही. आठवणीला फोटो हवाच असेल तर फ्लॅश बंद आहे याची आधी खात्री करून, टाळ्यांच्या वेळी एक.

शेजारी बोलत असेल तर

लगेच ‘शुऽऽ’ करू नका. तो आवाज बोलण्यापेक्षा लांब जातो आणि गाणाऱ्याला वाटतं काहीतरी बिनसलंय. आधी नुसतं त्याच्याकडे वळून बघा. बहुतेकांना तेवढं पुरतं. मग तळहात खाली दाबल्याची खूण. तरी चालूच राहिलं तर राग संपेपर्यंत थांबा आणि मोकळ्या वेळात साध्या आवाजात म्हणा, ‘काका, इथं बसलं की तुमचं बोलणं ऐकू येतं, जरा सांभाळाल का?’ ‘तुम्हाला कळत नाही का’ अशी सुरुवात केलीत तर पुढच्या रागात दोघंही धुसफुसत बसता. फोनवर चित्रण करणारा, दारू प्यालेला किंवा हुज्जत घालणारा माणूस असेल तर स्वतः बोलूच नका, स्वयंसेवकाला खुर्चीचा नंबर सांगा.

आणि तुम्हाला कुणी असं सांगितलं, तर फक्त मान डोलवा. ‘मी फक्त एवढंच विचारत होतो’ हे स्पष्टीकरणही बोलणंच असतं.

फर्माईश आणि वन्समोर

फर्माईश ओरडून करायची नाही. कागदावर लिहून स्वयंसेवकाकडून मध्यंतरात पाठवावी. राग वेळेला धरून मागा. रात्री नऊला तोडी किंवा सकाळी मालकंस मागितला तर कलाकाराला नाही म्हणावं लागतं, आणि नाही म्हणणं त्याला अवघड जातं. बडा ख्याल चालू असताना ‘अभंग होऊ द्या’ असा आवाज देणं तर गाणाऱ्याचा सरळ अपमान आहे. अभंग, ठुमरी, नाट्यपद हे बहुधा शेवटाकडे येतातच, तोवर थांबा. वन्समोर आपल्याकडे संगीत नाटकांतून आला. नाट्यपदाला तो शोभतो, रागाला नाही.

भैरवीने मैफल संपते. गाडी आधी काढायची म्हणून तिचे पहिले स्वर लागले की माणसं उठायला लागतात, आणि कलाकार तीन तास गायल्यानंतर समोर पाठी बघत गातो. निघायचंच असेल तर भैरवीच्या आधीच्या टाळ्यांत निघा. नाहीतर शेवटपर्यंत बसा. पार्किंगमध्ये दहा मिनिटं जास्त लागतील, इतकंच.

आयोजकांनी करायचं ते

श्रोत्यांकडून शिस्त मागण्याआधी कार्यक्रमपत्रिकेची वेळ पाळावी. उघड्या जागी ध्वनिवर्धक रात्री दहाला बंद करावा लागतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही मुदत मध्यरात्री बारापर्यंत वाढवू शकतं. म्हणजे दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि प्रायोजकांची भाषणं यांत गेलेली प्रत्येक वीस मिनिटं शेवटच्या कलाकाराच्या वाट्यातून जातात, आणि शेवटी सहसा सगळ्यात ज्येष्ठ कलाकार असतो. सत्कार एकाच वेळी, मध्यंतरानंतर लगेच, दहा मिनिटांत उरका.

सूचना नेमकी द्या. ‘कृपया शांतता राखा’ने काही होत नाही. ‘फोनचे गजर बंद करा. राग सुरू झाल्यावर दारं बंद होतील, तो संपल्यावर उघडतील. पहिला राग साधारण पाऊण तासाचा आहे’ एवढं सांगितलं की लोक स्वतःच बेत आखतात. प्रत्येक दाराशी एक स्वयंसेवक हवा, त्याला निदान द्रुत संपल्याचं ओळखता यायला हवं. त्याच्या टॉर्चचा झोत जमिनीकडेच राहील असं पाहा. पुढच्या राखीव रांगेतले पाहुणे पाऊण तास उशिरा आले तर त्यांनाही राग संपेपर्यंत मागे थांबवा. हे सांगायला धीर लागतो, पण एका मान्यवराला पहिल्या रांगेत नेताना झालेली हालचाल अख्ख्या सभागृहाला दिसते आणि मग बाकीच्यांना अडवता येत नाही. छायाचित्रकारांना पहिल्या रागाच्या द्रुतातली दहा मिनिटं, कॅमेऱ्याचा आवाज बंद करून, कडेने. मंचासमोरून कुणीही चालायचं नाही.

लोखंडी घडीच्या खुर्च्यांच्या पायांना रबरी बूच आहेत का ते आदल्या दिवशी पाहा, नसतील तर जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधा. चहाचा स्टॉल दारापासून निदान वीस पावलं लांब, आणि तिथं एक छोटा स्पीकर लावून ठेवा, म्हणजे बाहेर गेलेल्यांना आत काय चाललंय ते ऐकू येतं आणि राग संपल्यावर ती माणसं वेळेत परततात.